एका ओळखीच्या माणसाचा माउथपीस

सावेडी, नगर
७ जुलै २०२४

आदरणीय मामू,
सलाम.

फोनवर तुम्हाला नुसतं घूं घूं ऐकू येतं आणि मला ओरडून बोलायची सवय फक्त वर्गात आहे, म्हणून पत्र लिहिते आहे. मुमानींनाही सलाम सांगा.

बातमी अशी की आमच्या शाळेतल्या संगीताच्या बाई लग्न करून नाशिकला गेल्या आणि मुख्याध्यापिकाबाईंनी पाचवीचा रेकॉर्डरचा तास माझ्या गळ्यात बांधला. मी गणिताची बाई. पण म्हणाल्या, "तुमचे मामा मोठे वादक आहेत ना, मग तुमच्या रक्तातच असणार." हे मीच कधीतरी स्टाफरूममध्ये बोलून गेले होते. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे, एवढं वाक्य मात्र तेव्हा गिळलं होतं. ते गिळलेलं वाक्य आता बाधलं, असं समजते.

रेकॉर्डर म्हणजे उभी धरून फुंकायची विलायती बासरी. वरचं तोंड शिट्टीसारखं, पुढे सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. आमच्याकडच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या आहेत. मुलं फुंकतात तेव्हा ती किंचाळते आणि मी फुंकते तेव्हा जास्त किंचाळते. घरी अमीर म्हणतात, यापेक्षा कुकरची शिट्टी बरी, ती तीनदा होऊन थांबते तरी.

तुम्ही आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवलीत. ही तिची लांबची बहीण आहे म्हणतात. हिला गप्प कसं करायचं आणि मग गोड कसं बोलायला लावायचं, तेवढं कळवा. डिसेंबरात स्नेहसंमेलन आहे.

तुमची भाची,
सबिहा


घोडेगाव
१६ जुलै २०२४

सबिहा बेटा,
दुवा.

पत्र मिळालं. पोस्टमन दारात उभा राहून किती वेळ हाका मारत होता म्हणे. शेवटी म्हशीने मान वळवली म्हणून मी वळलो.

तुझी पिपाणी किंचाळते त्यात तिचा दोष नाही. फुंकू नकोस, श्वास सोड. बशीतला चहा निववतेस ना, तसा. चहा सांडला तर समज जास्त झालं. दुसरं, बोटाचं टोक भोकावर ठेवू नको, पोट ठेव. वाजवून झालं की बोटं उलटी करून बघ. भोकाचा गोल वळ पुरा उमटला पाहिजे. अर्धा उमटला असेल तर हवा तिथून पळाली आणि तीच किंचाळली. तिसरं, दर सुराला जिभेने हलकेच तु म्हण, नाहीतर सगळे सूर एकमेकांना चिकटून वरणभात होतो.

आणखी एक. पोरांना एकमेकांची पिपाणी तोंडाला लावू देऊ नको. फुंकायचं वाद्य उष्टं करायचं नसतं. बँडमध्ये आम्ही एका ताटात जेवायचो, एका विडीचे झुरके घ्यायचो, पण माउथपीस ज्याचा त्याचा. बापाचा मुलगाही लावत नाही.

बँडचं सांगितलं नाहीस याचं मनाला लावून घेऊ नको. नवरदेवाच्या घोड्यापुढे इतकी वर्षं चाललो, आमचं नाव कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

तुझा मामू,
पीरमहंमद


सावेडी
२२ सप्टेंबर २०२४

आदरणीय मामू,
सलाम.

बशीतल्या चहाची युक्ती वर्गात सांगितली. दुसऱ्या दिवशी निकिता नावाची मुलगी खरंच बशी घेऊन आली. आता सगळा वर्ग सा ते प पर्यंत जातो आणि बहुतेक जण परतही येतात. वर्गात मी आता "बोटं दाखवा" म्हणते आणि सगळे हात उलटे करतात. मुख्याध्यापिकाबाईंनी नियमही घालून दिला आहे: दर शनिवारी सगळ्या बासऱ्या कडक पाण्यात डेटॉल टाकून बुडवायच्या. उष्ट्याचा प्रश्नच मिटला.

खरं सांगायचं तर मुलांपेक्षा नाद मलाच लागला आहे. वह्या तपासायच्या सोडून वाजवत बसते. ऑगस्टमध्ये घोडेगावला आले होते तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून माझं वाजवणं ऐकलंत, बासरीचं खालचं टोक दोन बोटांत धरून ठेवलं होतंत, आणि शेवटी म्हणालात, "सूर मोकळा झालाय तुझा." तुम्ही उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही. त्या एका वाक्यावर मी महिनाभर हवेत आहे.

म्हणून एक मागणं आहे. तुमची क्लॅरिनेट मला स्नेहसंमेलनापर्यंत द्याल का? मुलं रेकॉर्डर वाजवतील आणि खाली मी तिचे लांब सूर धरीन. शाहरुख म्हणाला की अब्बा आता वाजवत नाहीत, ती पेटीतच असते. पेटीत असेल तर माझ्याकडे असू दे, असं मनात आलं. नाही म्हणालात तरी राग नाही.

सबिहा


घोडेगाव
१२ नोव्हेंबर २०२४

सबिहा बेटा,
दुवा.

दिवाळीच्या सुट्टीत आलीस, क्लॅरोनेट घेऊन गेलीस, घर भरल्यासारखं वाटलं. पेटी उचलताना तुझं तोंड बघितलं, लहानपणी जत्रेतली बाहुली मिळाल्यावर व्हायचं तसंच.

एक सांगायचं राहिलं. काल दाढीचं पाणी तापत ठेवलं आणि तुझ्या मागल्या पत्रातलं कडक पाणी एकदम आठवलं. बेटा, तो काळा माउथपीस एबोनाईटचा आहे. एबोनाईट म्हणजे कडक केलेलं रबरच. गरम पाण्याची आच लागली की तो वाकतो, आणि वाकला की कामातून गेला. गार पाण्याखाली धर, मऊ रुमालाने पूस, बास. पत्ती, म्हणजे ती वेताची रीड, ओली करून लाव आणि वाजवून झालं की काढून ठेव.

माउथपीसच्या वर दोन खाचा दिसतील. त्या माझ्या दातांनी पाडल्या आहेत. इतक्या वर्षांत पडल्या. तुझे दात त्यात बसणार नाहीत, जरा बाजूला ठेव. वरचे दात टेकवायचे, दाबायचे नाहीत.

तुझ्या मुमानी मला दुपारी झोपत जा म्हणतात. क्लॅरोनेट घरात नाही तर दुपार लांबते खरी. पण तू शिक.

मामू


सावेडी
१९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मामू,
सलाम.

पत्र मिळालं. नाही हो मामू, मी कशाला माउथपीस गरम पाण्यात घालू. गार पाण्यानेच धुते आणि अमीरच्या मलमलच्या रुमालाने पुसते. तो अगदी होता तसाच आहे. काळाभोर. तुमच्या खाचाही जागच्या जागी आहेत.

पण तुमच्या पत्रावरून आठवलं म्हणून विचारते. माझ्या एका ओळखीच्या माणसाच्या बाबतीत असं झालं. त्यानेही कुणाचा तरी माउथपीस शिकायला आणला होता आणि पहिल्याच दिवशी, तोंडाला लावायच्या आधी, उकळतं पाणी ओतलेल्या पातेल्यात टाकला. बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. जळक्या रबराचा वास आला म्हणून त्याने चिमट्याने बाहेर काढला, तर रंग हिरवट तपकिरी झालेला आणि पत्ती बसते ती सपाट बाजू जराशी, अगदी जराशी, वळलेली. आता पत्ती लावली की नुसती हवा निघते, सूर लागत नाही. तर त्या माणसाचं विचारणं आहे की पुन्हा गरम करून, दोन पाट्यांमध्ये दाबून ठेवला तर सरळ होईल का? आणि तेल चोळलं तर काळा होईल का?

घाई नाही. पण तो फार काळजीत आहे.

मुलांचं गाणं चांगलं बसत चाललं आहे.

सबिहा


घोडेगाव
३ डिसेंबर २०२४

सबिहा बेटा,
दुवा.

तुझ्या त्या ओळखीच्या माणसाला सांग, तेल चोळून तो काळा होईल, सरळ होणार नाही. म्हशीचं शिंग नाही ते, तापवून हवं तसं वळवायला. आमच्या बाजारात लोक म्हातारी म्हैस तेल चोळून तरणी म्हणून उभी करतात, पण दात उघडले की वय कळतंच.

आणि त्याला म्हणावं, माझ्याशी सल्लामसलत करण्यापेक्षा ज्याचा माउथपीस आहे त्यालाच जाऊन सांग. तो काही मारणार नाही. माणूस वाद्य देतो तेव्हा ते मोडेल हे धरूनच देतो.

स्नेहसंमेलन झालं की क्लॅरोनेट शाहरुखच्या टेम्पोत पाठवून दे. घाई नाही असं लिहिणार होतो, पण आहे. लवकर पाठव.

मामू


सावेडी
५ जानेवारी २०२५

आदरणीय मामू,
सलाम.

स्नेहसंमेलन झालं. मुलांनी वाजवलं, पालकांनी मोबाईल वर धरले, एकाची बासरी मध्येच दोन तुकडे होऊन पडली तरी बाकीचे थांबले नाहीत. मी क्लॅरिनेट वाजवली नाही. सूर अजून पक्के नव्हते म्हणून नुसती हात हलवत उभी राहिले. तुम्हाला बोलवायचं मनात होतं, पण थंडी फार आहे आणि एसटीचा प्रवास, म्हणून नाही बोलावलं.

क्लॅरिनेट शाहरुखबरोबर पाठवते आहे. नीट पुसून, सांध्यांना मेण लावून पेटीत ठेवली आहे. माउथपीस तोच आहे. वरून पॉलिश करून घेतला म्हणून जरा नवा दिसेल. आणि त्यावर मी रबराचं एक छोटं ठिगळ चिकटवलं आहे, दात टेकतात तिथे. पुण्याच्या दुकानात मिळालं. हल्ली सगळे लावतात. दातांना हादरा बसत नाही म्हणे. तुमचे वरचे दोन दात आता तेवढेच राहिले आहेत, त्यांना जपायला हवं. ते काढू नका मामू. तुमच्या दातांसाठीच लावलं आहे.

मुमानींचे गुडघे कसे आहेत?

सबिहा


घोडेगाव
२० जानेवारी २०२५

सबिहा बेटा,
दुवा.

क्लॅरोनेट मिळाली. पेटी नीट होती.

दोन आठवडे रोज लावून बघितली. वाद्यात काही दोष नाही. पण आता माझ्याच्याने होत नाही. शाहरुखचा टेम्पो शुक्रवारी नगरला कांदा घेऊन येतोय, त्यात परत पाठवतो. तू ठेव. कायमची. आपल्या घरात फुंकणारी तूच राहिलीस.

परत पाठवू नको.

मामू


सावेडी
२७ जानेवारी २०२५

आदरणीय मामू,
सलाम.

पेटी आली. अमीर म्हणाले, "अगं, एवढा मान तर त्यांनी स्वतःच्या मुलालाही दिला नाही." मी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

मला ही भेट घेण्याचा हक्क आहे का, असं सारखं वाटतं. पण तुम्ही परत पाठवू नको असं स्पष्ट लिहिलंत, म्हणून ठेवून घेते. कपाटात वरच्या खणात ठेवली आहे. सध्या परीक्षा आहेत, त्यामुळे बाहेर काढली नाही. जपेन. एवढंच म्हणू शकते.

तुमची,
सबिहा


घोडेगाव
१६ फेब्रुवारी २०२५

सबिहाफुफींना आलियाचा सलाम. दादी बोलतेय आणि मी लिहितेय. दादी म्हणाली जसं बोलते तसंच लिही, शाळेतल्यासारखं करू नको. दादाजींना हे पत्र माहीत नाही.

सबे, तुझी मुमानी मुबारकबी बोलती. बरी हायेस ना. माजं गुडघं हायेत तसंच हायेत, त्याचं सोड.

तुझ्या मामूचं काय झालंय ते तुला सांगाया पायजे. मानूस पार गप झालाय. जेवतो, नमाजाला जातो, येऊन भितीकडं तोंड करून बसतो. कानाचं तर तुला ठावंच हाय. बँडात बाजूला ते मोठं ढोल आन ट्रंपेट, कान तवाच गेलं. शाहरुख्यानं कानातली मशीन आनली हुती, ती नुसती शिट्टी मारती, डब्यात पडलीय. आजान ऐकू येत न्हाई. नातवंडं बोलत्यात ते ऐकू येत न्हाई. मी एवढी वरडती, मी बी न्हाई.

फकस्त एक ऐकू यायचं. ती क्लॅरोनेट. दात टेकवला की दातातनं डोक्यात जातं म्हनायचे. शाहरुख्या टेम्पो घिऊन गेला की रोज दुपारी मागच्या खोलीत बसायचे आन वाजवायचे. शाहरुख्याला वाटतं अब्बा झोपत्यात. वाजवून आलं की मानूस हसायचा, माज्याशी चार गोष्टी बोलायचा. दुनियेतला तेवढाच आवाज त्येंच्यापाशी राह्यला हुता बघ.

तू मागितली तवा मी म्हनले, "आवो, मग तुमी काय ऐकनार?" तर म्हनले, "पोरगी फुंकाय लागलीय, आपलं काय. दोन महिन्यानं मी कुठं मरतोय." माउथपीस बी सोताचा दिला. कुनाला हात लावू द्येत नव्हते त्यो.

तुझ्याकडनं माघारी आली. मोठ्या हौसेनं घिऊन बसले. आत जाऊन बघते तर क्लॅरोनेट मांडीवर आन डोळ्याला पानी. म्हनले, "मुबारक, आता दातानं बी ऐकू येईना. त्ये बी गेलं." दोन आठवडं रोज बसले. मला तर बाहेर ऐकू यायचं, चांगलं वाजवायचे. त्येंलाच येत नव्हतं. मग म्हनले, नेऊन दे सबीला, माज्यापाशी आता लाकूड हाय नुसतं.

तू शिकलेली हायेस. नगरला चांगला दाक्तर असंल तर बघ. रोज्याच्या आदी न्हेता आलं तर बरं. मी तुला बोलले हे त्येंला सांगू नको.

(दादी रडतेय म्हणून इथेच संपवते. आलिया)


सावेडी
१९ फेब्रुवारी २०२५

मामू,
सलाम.

हे पत्र आणि क्लॅरिनेट शाहरुखबरोबर एकदमच येतील. आधी पत्र वाचा. मुमानींवर रागावू नका, त्यांनी मला लिहिलं. त्यांनी लिहिलं नसतं तर मी ती पेटी वरच्या खणात ठेवूनच म्हातारी झाले असते.

तुमच्या दातांना काही झालेलं नाही. तुमच्या डोक्यातही काही बिघडलेलं नाही. डॉक्टर नको. माउथपीसवरचं ते रबर नखाने ओढून काढा. मी मुद्दामच ते काढलेलं नाही. तुम्ही स्वतः काढा, म्हणजे दोष कशात होता ते तुमचं तुम्हाला कळेल.

तो ओळखीचा माणूस मी आहे. पहिल्याच दिवशी पातेल्यात टाकला. तुमचं गरम पाण्याचं पत्र यायच्या आधीच टाकला होता, पण तेवढ्याने मी सुटत नाही, कारण पत्र आलं तेव्हा मी खोटं लिहिलं. आणि तो उकळत्या पाण्यात का टाकला तेही सांगते. शाळेचा नियम वगैरे नाही. मला किळस आली, मामू. थोडीशी. त्या खाचांकडे बघून, विडीच्या वासाने. तुम्ही कुणालाही न दिलेली वस्तू मला दिली होतीत आणि मी ती तोंडाला लावायच्या आधी उकळत्या पाण्यात बुडवली. घरात कुणी बघत नाही ना, हेही बघितलं होतं.

मग पुण्याहून नवा मागवला. तुमच्या खाचा त्यावर कुठून आणणार? कानशीने घासून बघितलं, तर उंदराने कुरतडल्यासारखं दिसायला लागलं. दुकानदाराकडे रबराचे पातळ आणि जाड असे दोन प्रकार होते. मी जाड घेतलं, कारण त्याखाली जास्त लपतं. तुमच्या दातांसाठी लावलं असं लिहिलं. ते वाक्य लिहिताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

वरचे दात टेकवायचे, असं तुम्हीच मला लिहिलं होतंत. का टेकवायचे ते मी विचारलं नाही. तुमच्याकडे उरलेला एकच आवाज होता आणि त्यात मी रबराचं बूच मारून ठेवलं. तुम्ही क्लॅरिनेट परत पाठवलीत तेव्हा मला वाईट वाटण्याआधी सुटल्यासारखं वाटलं, की बरं झालं, माउथपीस माझ्याच घरात आला, आता कुणाला कळणार नाही. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं नाही तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल.

समोर येऊन सांगायला हवं होतं. पण समोर बोलले तर तुम्हाला ऐकू येणार नाही आणि लिहिलं तर मला तुमचं तोंड बघावं लागणार नाही. इथेही मी सोयीचं तेच निवडलं. ईदला येऊ का, हे विचारायची हिंमत होत नाही. तुम्ही कळवाल तसं.

सबिहा


घोडेगाव
२७ फेब्रुवारी २०२५

सबिहा बेटा,
दुवा.

रोजे सुरू व्हायच्या आत हे पत्र टाकतोय.

रबर निघता निघेना. तू चिकटवतेस चांगलं. शेवटी आलियाने कंपासातल्या टोकदार काट्याने सोलून काढलं. मग मागच्या खोलीत गेलो, दार लावलं. पत्ती ओली करायलाही जीव धजेना. म्हटलं, आता नाही आलं तर मग दोष द्यायला रबरही नाही. मुमानी दाराबाहेर उभी होती, तिची सावली फटीतून दिसत होती.

दात टेकवले. आलं.

आवाज जरा पातळ आहे. नवा माउथपीस आहे, हाडात मुरायला वेळ लागेल. पण आलं. मी किती वेळ एकच सूर धरून बसलो मला माहीत नाही. बाहेर आल्यावर मुमानी म्हणाली, "एवढा येळ एकच काय वाजवताय, म्हशी बुजल्या." मला ते ऐकू आलं नाही, आलियाने लिहून दाखवलं.

आता तुझं. माफ केलं असं लिहीत नाही. सहा आठवडे मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, ते एका शब्दात कसं पुसू. किळस आली ते लिहिलंस, ते वाचून राग आला आणि मग तुझ्यावर विश्वासही बसला, कारण एवढं कुणी उगाच लिहीत नाही. मीही पहिल्या दिवशी उस्तादांनी दिलेली पत्ती नळाखाली धरली होती, ते असो.

पण तुझ्या एकटीच्या डोक्यावर हे ओझं ठेवणं बरोबर नाही. त्या ओळखीच्या माणसाचं पत्र आलं त्याच दिवशी मला कळलं होतं. जळक्या रबराचा वास दुसऱ्याच्या गोष्टीत कुणाला येत नाही. क्लॅरोनेट परत आली, माउथपीस ओठाला लावला, तेव्हा तर अंधारातही सांगितलं असतं की हा माझा नाही. तरी गप्प राहिलो. पोरगी लाजेने मरेल, तिचं झाकलेलं आपण कशाला उघडा, असं म्हटलं. माउथपीस नवा असो की जुना, दाताला टेकला की ऐकू येणारच, एवढंच मला ठाऊक. आमच्या काळात असली रबरं नव्हती, तिकडे डोकंच गेलं नाही. मी त्याच दिवशी तुला लिहिलं असतं, सबी, हा माझा नाही, तर तू रबराचंही बोलली असतीस. तू माझ्या दातांच्या नावाने झाकलंस, मी तुझ्या लाजेच्या नावाने. त्यात हे सहा आठवडे गेले.

वाकलेला जुना माउथपीस फेकला नसशील तर आण. वाजणार नाही, माहीत आहे. दातांना त्याची ओळख आहे.

ईदला ये. विचारतेस काय. पिपाणी घेऊन ये, आणि शीरखुर्मा खायच्या आधी वाजव, नाहीतर शेवया अडकतील.

एक माझंही राहिलंय. ऑगस्टमध्ये ओट्यावर तू वाजवलंस आणि मी म्हणालो, सूर मोकळा झालाय. बेटा, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. खालचं टोक बोटांत धरून बघितलं, बोटांना थोडी मुंगी आली तेवढीच. बाकी तुझं तोंड बघून म्हणालो. त्यावर तू महिनाभर हवेत होतीस असं लिहिलंस, ते पत्र अजून उशीखाली आहे आणि त्यावर झोप लागत नाही.

म्हणून या वेळी असं कर. तू फुंक, खालचं टोक मी दातात धरतो. उष्टं झालं तर होऊ दे. वाजवशील तसं ऐकेन आणि ऐकेन तसंच सांगेन. वाईट असेल तर वाईट म्हणेन.

तुझा मामू,
पीरमहंमद